खिडक्या मी बंद केल्या होत्या

मंडीदीपच्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. वीसेक वर्षं हेच काम करतो आहे. सकाळची पाळी सुरू होण्याआधी पाच मिनिटं कामगारांपुढे उभं राहायचं आणि सांगायचं, की नाकातोंडावर काय बांधायचं, कशाला हात लावायचा नाही आणि वास आला तर कुठे जायचं. हे मी आधीच सांगून टाकतो. पुढे जे सांगणार आहे ते मला माहीत नव्हतं म्हणून घडलं, असा कुणाचा समज होऊ नये.

भोपाळच्या साकेत नगरात आमचं दुमजली घर आहे. वडिलांनी बांधलेलं. खाली मी आणि बायको राहतो. मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी असल्यामुळे त्याची खोली रिकामी असते. वरच्या मजल्यावर काका आणि काकू राहतात. ते माझे सख्खे काका नव्हेत. वडिलांच्या कचेरीत त्यांच्या हाताखाली होते. अकरा वर्षांपूर्वी काका निवृत्त झाले, सरकारी क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा वडील त्यांना म्हणाले, "वरचा मजला रिकामा आहे. असाल तोवर राहा." हे माझ्यासमोर म्हणाले. भाडं ठरलं, पण ते वडिलांच्या स्वभावासारखं, नावापुरतं होतं, आणि पुढे वाढवायचं कुणाला सुचलं नाही. चार वर्षांपूर्वी वडील गेले. मग ते मला सुचायला लागलं.

आमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर मेडिकल कॉलेजचं मोठं इस्पितळ आहे. तिथे नवे डॉक्टर येत राहतात आणि त्यांना जवळ घर हवं असतं. एक दलाल मला कोपऱ्यावरच्या दुकानापाशी दर दोन-तीन महिन्यांनी गाठायचा. विचारायचा, "ऊपर वाला खाली है क्या भाईसाहब?" मी म्हणायचो, "नहीं, लोग रहते हैं." एकदा मी म्हणालो, "अभी तो हैं." त्यालाही ते ऐकून जरा बरं वाटलेलं दिसलं.

घराला दुरुस्तीची गरज होती, हे खरं आहे. मागच्या भिंतीला ओल होती, गच्चीवरच्या कोठीचे सिमेंटचे पत्रे तडकले होते, दारांवर जुन्या ऑइलपेंटचे तीन थर होते. दिवाळीच्या आत उरकायचं ठरवलं. काकांना म्हणालो, "दीड-दोन महिने धूळच धूळ होईल. तुम्ही हवं तर नागपूरला मुलीकडे जाऊन या."

काका म्हणाले, "कशाला? एकेक खोली करा. आम्ही सरकत राहू."

मला त्यांना घालवायचं नव्हतं. ते स्वतःहून गेले तर बरं, एवढंच वाटत होतं. नागपूरला गेले, मुलीकडे रमले, पत्र आलं की आता इथेच राहतो, असं काहीतरी. हल्ली पत्रं कोणी लिहीत नाही, पण मनातल्या मनात मी तशीच सोय करून ठेवली होती.

बायको म्हणाली, "अहो, त्यांना खाली बोलावू या. मुलाची खोली रिकामीच आहे."

"नको. सवय होईल."

"कुणाला?"

मी चहा मागितला.

काम सुरू झालं ते गच्चीपासून. कोठीचे ते पत्रे जुने, ॲस्बेस्टॉसचे. कारखान्यात असा पत्रा काढायचा तर मी लेखी परवानगीशिवाय कुणाला शिडी लावू देत नाही. आधी पत्रा पाण्याने भिजवायचा, बोल्ट सोडवायचे, अख्खा खाली उतरवायचा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. हातोडा जवळ आणायचा नाही, कारण तो फुटला की त्यातले तंतू हवेत जातात, आणि छातीत गेलेले तंतू बाहेर येत नाहीत. आमच्या गच्चीवर ठेकेदाराच्या दोन माणसांनी हातोड्यानेच पत्रे फोडले. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर चहाचा कप घेऊन उभा होतो. सकाळच्या उन्हात ती धूळ चकाकत होती. म्हणालो, "ज़रा पानी मार लो भाई." त्यांनी एक मग पाणी शिंपडलं. मला वाटलं, झालं आपलं काम.

तरी मनाला लागलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या स्टोअरमधून मी मास्कचा एक खोका घरी आणला. पांढरे, वाटीसारखे, धुळीसाठीचे. न विचारता आणला, हेही इथेच सांगतो. मजुरांना दिले, काका-काकूंना दोन-दोन दिले. मजुरांनी ते कपाळावर चढवले. काकूंना ते दह्याच्या भांड्यावर झाकायला चपखल बसतात असं दिसलं, आणि त्यांनी आणखी दोन मागून घेतले.

गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून एक उंच लोखंडी पाइप होता. त्याच्या टोकाला एक फडकं बांधलेलं असायचं. जुन्या धोतराची हातभर पट्टी. फाटली की काका दुसरी बांधायचे. आता सत्तरी ओलांडलेला, दम लागणारा माणूस महिन्या-दोन महिन्यांनी स्टुलावर चढतो आणि पाइपाला फडकं बांधतो, हे अकरा वर्षं मी पाहत होतो. कबुतरांसाठी असेल, अशी माझी समजूत होती. वॉटरप्रूफिंगच्या वेळी पाइप मध्ये आला, तो मी कापायला सांगितला. दोन दिवसांनी काकांनी विचारलं, "तो कपडा कुठे गेला?"

"पाइप काढला काका. कबुतरांसाठी जाळीच लावून टाकू आता."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कबुतरांसाठी. बरं."

मग दारं घासायला एक पॉलिशवाला आला. अशोका गार्डनकडचा, पन्नाशीचा, तोंडात सतत काहीतरी. कोरड्या सँडपेपरने जुना रंग घासायला लागला तेव्हा खोलीभर हिरवट-पांढरी भुकटी उडाली. त्या काळच्या रंगात शिसं असायचं. असा रंग ओला करून घासतात. हे मी कारखान्यातल्या फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं आहे. काकांनी फळा पाहिलेला नाही. त्यांनी नुसतंच विचारलं, "ओलं करून नाही का घासता येत?"

"चचा, गीला करेंगे तो लकड़ी फूल जाएगी," पॉलिशवाला म्हणाला.

मी म्हणालो, "त्याला त्याचं काम करू द्या, काका."

नवरात्र बसलं. काकूंचं घट बसवणं जोरात असतं. मागच्या खोलीत, जिथे काम अजून पोचलं नव्हतं, तिथे त्यांनी देवघर हलवलं होतं. घटापाशी अखंड दिवा. नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही. काकू त्या नऊ दिवसांत बाहेरसुद्धा पडत नाहीत, कुणी ना कुणी दिव्यापाशी हवंच. आमच्या कारखान्याच्या दारात आत जाणाऱ्याची काडेपेटी काढून घेतात. मीच तो नियम केला. एका कामगाराने एकदा मोज्यात काडेपेटी लपवली होती, त्याला मी तीन दिवस घरी बसवलं.

सातव्या माळेच्या आदल्या संध्याकाळी काका जिन्यात भेटले. त्यांनी विचारलं, "उद्या काय आहे?"

उद्या पॉलिश होतं. हॉलची तीन दारं आणि भिंतीतलं कपाट, थिनर घातलेलं पॉलिश, मशीनने मारायचं. हे सांगितलं असतं तर काका म्हणाले असते, मग आम्ही कुठे बसायचं? आणि मग मला म्हणावं लागलं असतं, खाली या.

"उद्या नुसती भिंतींना पुट्टी," मी म्हणालो. "वास नाही कसला."

"मग ठीक आहे."

सकाळी पॉलिशवाल्याने डबे उघडले आणि मला बोलावलं. "साहब, पंखा बंद, खिड़की बंद. हवा आएगी तो धूल बैठेगी, दाना आ जाएगा."

दाणा म्हणजे ओल्या पॉलिशवर चिकटलेला धुळीचा कण. वाळल्यावर हाताला लागतो. मला हा शब्द नवा होता. मी त्याला मास्क दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत केला.

"खां, इसमें दम घुटता है. अपन गमछा बाँध लेंगे." भोपाळी माणसाचं खां म्हणजे आपलं राव.

"उसके बग़ैर काम नहीं करना," मी म्हणालो. हे मी कारखान्यात ज्या आवाजात म्हणतो त्याच आवाजात म्हणालो. तो हसला. त्याचं हसणं चुकलं नव्हतं, कारण तो मास्क धुळीचा, थिनरच्या वाफेला तो चाळणीसारखा. वाफेला काळ्या डब्यांचा मास्क लागतो. तसे सहा मास्क कारखान्याच्या कपाटात आहेत. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. त्या क्षणी ती माझ्या खिशात होती.

मग मी हॉलच्या खिडक्या बंद केल्या. चार होत्या. चौथीची झडप नीट बसत नव्हती, तिच्या फटीत मी वर्तमानपत्राची घडी करून कोंबली. जोर लावून कोंबावी लागली. तेवढ्यात मागच्या खोलीच्या दारात काकू आल्या.

"काय करून राहिला रे तू?"

"धूळ येते, काकू."

"पुट्टीला धूळ लागते का?"

"लागते."

त्या आत गेल्या. मी खाली आलो, डबा घेतला आणि कामावर गेलो.

त्या दिवशी कारखान्यात मॉक ड्रिल होती, म्हणजे गॅस गळल्याचं नाटक. भोंगा वाजतो, सगळ्यांनी मैदानात जमायचं. मैदानाच्या कडेला उंच खांबावर केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी सोंड आहे, विंडसॉक म्हणतात तिला. वारा जिकडे जाईल तिकडे ती फुगते. मी माइकवरून विचारलं, "भोंपू बजा तो सबसे पहले क्या देखना है?" सगळे एका सुरात म्हणाले, "हवा!" "हवा के साथ भागना है?" "नहीं!" मोजणी केली, एक जण कमी भरला. तो फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर सापडला आणि म्हणाला, की साहेब, मी तर गळतीच्या आधीच निघून आलो होतो. सगळे हसले. मीही हसलो. ड्रिल चांगली झाली असा शेरा मिळाला.

फोन पाहिला तेव्हा बायकोचे दोन कॉल येऊन गेले होते. मी लावला.

"जिन्यात भयंकर वास येतोय हो. डोळे चुरचुरतायत."

"येणारच. पॉलिश आहे."

"तुम्ही पुट्टी म्हणाला होतात."

"पंखा वगैरे लावू नकोस, दाणा येईल."

"कसला दाणा?"

मी तिला दाणा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. सकाळीच शिकलो होतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "थांबा. काका जिन्यातून वर चाललेत. गच्चीवर. काकूंचा हात धरलाय. तोंडावर ओला पंचा आहे. अहो, त्या पॉलिशवाल्यालाही दंडाला धरून नेतायत." मग तिचा आवाज बदलला. "काका ओरडतायत, दारं उघड म्हणून. कुठलंच बटण दाबू नको म्हणतायत."

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जिन्याने खाली उतरते आणि साचते. घाबरलेला माणूस वास आला की जिन्याने खालीच पळतो, त्या वाफेतून. आणि विजेच्या बटणात ठिणगी पडते, ती पुरते. हे मला शिकवायला पगार मिळतो. काकांना हे कोणी शिकवलं, ते मी विचारलं नाही. मी निघालो. मंडीदीपहून घरी यायला पाऊण तास लागला.

जिन्याचं दार सताड उघडं होतं. वरच्या हॉलच्या खिडक्या बायकोने तोंडाला पदर लावून उघडल्या होत्या, वर्तमानपत्राची घडी जमिनीवर पडली होती. गच्चीवर टाकीच्या सावलीत तिघं बसले होते. तिघांच्या तोंडावर ओली फडकी. पॉलिशवाल्याचे डोळे लाल होते आणि तो स्वतःच्या पायांकडे बघत होता. काकू सरळ बसल्या होत्या आणि रडत होत्या, आवाज न करता. काका पुढे झुकून, गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होते. प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज. कपडे वाळत घालायच्या काठीला त्यांनी काकूंच्या नऊवारीचं फडकं बांधून ती कठड्याला उभी केली होती. फडकं पूर्वेकडे फडफडत होतं.

काकांनी मला बघितलं आणि हाताने खूण केली. मधेमधे थांबत म्हणाले, "तिथे नको बसू. वारा... तिकडून आहे. या बाजूला ये."

सकाळीच पाचशे माणसांसमोर मी विंडसॉककडे बोट दाखवून आलो होतो. माझ्या स्वतःच्या गच्चीवर अकरा वर्षं एक होता, आणि तो मी कापायला लावला होता. मी या बाजूला येऊन बसलो.

इस्पितळात त्यांना नाकाला औषधाच्या वाफेचा मास्क लावला. तिथली तरुण डॉक्टर माहिती लिहून घेत होती. "घर में कुछ काम चल रहा था क्या?"

काकांनी मास्क बाजूला केला. "हाँ. पुट्टी का काम था." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मैंने पूछ लिया था."

डॉक्टर लिहायला लागली. मी म्हणालो, "पुट्टी नहीं. पॉलिश. थिनर वाली, मशीन से. खिड़कियाँ बंद थीं."

"बंद? किसने कीं?"

"मैंने."

तिने मान वर केली. "आप क्या करते हैं?"

"सेफ़्टी ऑफ़िसर हूँ."

तिने पेन थोडा वेळ कागदावर तसंच धरलं. मग पुढचा रकाना भरायला घेतला. त्यात काकांचं वय होतं.

बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. मला वाटलं त्या काकांबद्दल काही विचारतील. त्या म्हणाल्या, "दिवा विझवला रे यांनी. निघताना. दोन बोटांनी चिमटीत धरून."

त्या हॉलमध्ये वाफ दाटत होती आणि दहा हातांवर उघडी ज्योत होती. काकांनी सगळ्यात आधी ती विझवली, मग ओला पंचा, मग काकू, मग पॉलिशवाला. पुस्तकात क्रम असाच आहे.

"पस्तीस-चाळीस वर्षांत कधी विझला नव्हता," काकू म्हणाल्या. "सातवी माळ होती." मग बऱ्याच वेळाने, "तेव्हा आम्ही रेल्वेलाइनपाशी राहत होतो. गॅस सुटला त्या वर्षी. माझ्या लग्नाला आठ महिने झालेले. सगळे एकीकडे पळून राहिले होते, हे मला उलटीकडे ओढत होते. मी म्हटलं, काऊन तिकडे? हे म्हणाले, वारा तिकडून आहे, वाऱ्याच्या तोंडावर चल. वाटेत शेजारीण दिसली, ती वाऱ्यासोबत चालली होती. हाक मारली मी." त्यांनी पदर सारखा केला. "तेव्हापासून यांना वारा कुठला ते कळल्याशिवाय झोप लागत नाही. तू कबुतरं म्हणालास म्हणे."

त्या वर्षी मी अकरा वर्षांचा होतो. आम्ही तलावापलीकडच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. वारा आमच्याकडे आला नाही. त्यात आमचं काही कर्तृत्व नव्हतं. भोपाळमध्ये माणसाचं वय विचारलं की लोक मनातल्या मनात आणखी एक हिशेब करतात, आणि मग विचारतात, तेव्हा कुठे होतात? मी "पलीकडे" म्हणतो आणि ते म्हणतात, "नशीबवान." काकांना मी हे कधी विचारलं नव्हतं. मी त्यांना भाडेकरू समजत होतो.

संध्याकाळी त्यांना घरी सोडलं. ते आमच्याकडे खालीच आले, मुलाच्या खोलीत. बायकोने दुपारीच चादरी बदलून ठेवल्या होत्या, म्हणजे माझी परवानगी गृहीत धरली गेली होती. काकूंनी घट खाली आणला आणि दिवा पुन्हा लावला. नऊ दिवस पुरे केले. पण दसऱ्याला म्हणाल्या, "हा विझून लावलेला. धरायचा नाही." काकांशी त्या आठवडाभर कामापुरतंच बोलल्या.

मी जे आधी करायला हवं होतं ते नंतर केलं. कारखान्यात जाऊन मास्कच्या खोक्याबद्दल सांगितलं. साहेबांनी समज दिली, ती नोंदलेली आहे. काळ्या डब्यांचे मास्क रीतसर मागून घेतले. जिन्याखाली पत्र्यांचे तुकडे पोत्यांत पडले होते, ते भिजवून प्लास्टिकमध्ये बांधले आणि महापालिकेत विचारून विचारून, तिसऱ्या माणसाकडून नीट उत्तर मिळाल्यावर हलवले. रंगाची भुकटी झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसली, फडकी टाकून दिली. दोन दारं राहिली होती ती बिजागऱ्यांतून काढून गच्चीवर नेली आणि उघड्यावर पॉलिश केली. पॉलिशवाला आला, मास्क लावला, काठीवरच्या फडक्याकडे बघून पाठीला वारा घेऊन उभा राहिला. "चचा ने सिखा दिया," म्हणाला. मग म्हणाला, "दाना आएगा, साहब. अभी से बोल रिया हूँ." मी म्हणालो, येऊ दे.

मी काकांना म्हणालो, "चार दिवसांत वास जाईल. मग वर जायला हरकत नाही."

"तू म्हणतोस म्हणून मी जाणार नाही," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तू एक दुपार तिथे झोप. मागच्या खोलीत. मग येऊन सांग."

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर मी उशी घेऊन वर गेलो. अर्ध्या तासाने खाली आलो. काका खाटेवर बसून पेपर वाचत होते.

"काय?"

"ठीक वाटतंय."

"खिडक्या?"

"उघड्या होत्या."

"मग ते धरायचं नाही."

दुसऱ्या रविवारी मी खिडक्या लावून झोपलो. हॉलच्या चौथ्या खिडकीच्या फटीत घडीसुद्धा कोंबली. वीस मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं, घशात कडवट चव आली. मी पडून राहिलो. काका किती वेळ होते, ते मला मोजायचं होतं. ते जवळजवळ दोन तास होते. मला चाळीस मिनिटंच काढता आली. खाली आलो आणि म्हणालो, "अजून नाही."

काकांनी मान हलवली आणि पेपर उलटला. मी तिथेच उभा राहिलो आणि बोलून टाकलं. पुट्टी म्हणालो ते मुद्दाम. नागपूरला जा म्हणालो तेही. तो दलाल, ते डॉक्टर. तुम्ही आपणहून जावं असं वाटत होतं. वडिलांचा शब्द मला पाठ होता, तरी. हे सगळं मी सुरक्षा अधिकाऱ्यासारखं क्रमाने सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या रीतीने सांगता येत नव्हतं.

काकांनी चष्मा काढला. "अरे, भाडेकरूने जावं असं मनात न येणारा घरमालक मी आजवर पाहिला नाही," ते म्हणाले. "तुझ्या बापाच्याही मनात आलं असेल कधीतरी. पण खिडक्या बंद करणारा तू पहिलाच."

"चुकलं माझं."

"हो." चष्मा परत लावला. "पुढच्या रविवारी बघ पुन्हा."

आतून काकू म्हणाल्या, "पोराला जेवल्या-जेवल्या त्या वासात काऊन निजवता?" पण त्यात फारसा जोर नव्हता.

तिसऱ्या रविवारी मला झोप लागली. दोन तासांनी जाग आली तेव्हा डोकं हलकं होतं. वास नव्हता. मी खाली आलो. "वास नाही," म्हणालो. मग थांबलो. हो म्हणणं सोपं होतं, पण तीन आठवडे मी तिथे जातयेत होतो, आणि नाक सरावतं. कारखान्यात वासाचा निवाडा आम्ही आतल्या माणसाला करू देत नाही. "माझ्या नाकाचा भरवसा नाही काका. हिला पाठवतो."

बायको दार उघडून आत गेली, पाच मिनिटांनी बाहेर आली. "कपाटात आहे अजून. थोडा."

काकांनी पेपर खाली ठेवला. "बरं," म्हणाले. "कपाटाची दारं उघडी टाक. घाई नाही."

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ते वर गेले. त्याआधी मी टाकीपाशी नवा पाइप बसवून घेतला होता. कारखान्याला पुरवठा करणाऱ्याकडून केशरी विंडसॉक आणायचा विचार काकांना सांगितला तर ते म्हणाले, "कशाला? विमान उतरवायचंय?" आणि धोतराची पट्टी फाडून दिली. स्टुलावर मी चढलो.

दलाल मध्यंतरी भेटला होता. मी म्हणालो, "ऊपर लोग रहते हैं." तो तेवढ्यावर थांबला नाही, म्हणून सांगितलं की राहणार आहेत.

हॉलची ती तीन दारं आरशासारखी झाली आहेत. गच्चीवर केलेल्या दोन दारांवर मात्र दाणाच दाणा आहे, हात फिरवला की मोहरी पसरल्यासारखं लागतं. त्यातलं एक देवघराच्या खोलीचं.

काकूंनी देव जागेवर ठेवले आणि समई पुढे ओढली. मागच्या खोलीची खिडकी उघडी होती, वारा येत होता. पहिली काडी विझली. दुसरी विझली. तिसरी वातीपर्यंत पोचून विझली.

"जराशी लोट ना ती खिडकी," काकू मला म्हणाल्या. "एवढा दिवा लागेपर्यंत."

काका दारात उभे होते.

"काकू, आणखी एक काडी ओढून बघा," मी म्हणालो.

त्यांनी चौथी काडी ओढली, दुसऱ्या हाताचा आडोसा केला आणि वाट पाहिली. वातीने ज्योत धरली. मी खिडकीपाशी उभा होतो, दोन्ही हात पाठीमागे बांधून.